इंचाचे दहा लाख भाग मोजणाऱ्या व्हिटवर्थ यांना कारागिराचं कसब कसं मोजावं हा प्रश्न पडला होता

रील काढताना मोबाईलचा होल्डर तुम्ही ट्रायपॉडवर फिरवून बसवता, तो एका छोट्या स्क्रूवर. ट्रायपॉड शंभर-दोनशे रुपयांचा असो नाहीतर महागड्या कंपनीचा, तो स्क्रू बहुतेक वेळा पाव इंचाचा असतो आणि त्याला एका इंचात 20 आटे असतात. आता बाथरूममध्ये जा. तिथल्या अर्ध्या इंची पाइप फिटिंगला इंचाला 14 आटे असतात आणि आट्याचा कोन 55 अंशांचा असतो. पाव इंचाला 20 आटे आणि कोन 55 अंश, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने 1841 साली ठरवल्या. ट्रायपॉडच्या स्क्रूचा कोन पुढे बदलला, आट्यांची संख्या मात्र तीच राहिली.

त्या माणसाचं नाव सर जोसेफ व्हिटवर्थ. मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री केलेल्यांनी हे नाव ऐकलेलं असणार. 'व्हिटवर्थ क्विक रिटर्न मेकॅनिझम'ची आकृती परीक्षेच्या आदल्या रात्री घोकली आणि व्हायव्हाला विसरलो, असे आपल्यात बरेच जण निघतील.

पण ती आकृती म्हणजे या माणसाच्या कामाचा अगदी छोटा तुकडा आहे. त्यांनी इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र बनवलं. त्यानंतर, यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचं कसब कसं तपासायचं, या त्याहून अवघड प्रश्नालाही हात घातला. आज पुण्या-पिंपरीच्या, कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या कारखान्यांत मोजमापाच्या कॉम्प्युटरवाल्या मशिनवर प्रोग्रॅम लिहिणारी पोरंपोरी बसतात, तिथे हाच प्रश्न रोज उभा असतो. म्हणून ही गोष्ट.

21 डिसेंबर 1803 रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावात जोसेफचा जन्म झाला. वडील चार्ल्स शाळामास्तर. पोराच्या लहानपणीच आई गेली आणि वडिलांनी शाळा सोडून धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं. बारा वर्षांच्या जोसेफची रवानगी यॉर्कशायरमधल्या एका निवासी शाळेत झाली. त्या गावाचं नाव होतं आयडल, म्हणजे इंग्रजीत आळशी. या पोराच्या बाबतीत गावाचं नाव अगदीच वाया गेलं.

चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरला मामाच्या सूतगिरणीत धाडलं. मामाच्या मनात त्याला धंद्यात मुरवायचं होतं, पुढेमागे भागीदार करून घ्यायचं होतं. तिथे राहिला असता तर आयुष्य बरं गेलं असतं. पण जोसेफला सूत आणि नफ्यापेक्षा ते सूत कातणारी यंत्रं आवडायची. गिरणीतलं प्रत्येक यंत्र त्याने समजून घेतलं आणि त्यात त्याला एकच गोष्ट खुपली. भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. सगळं ढिलं, खडखडणारं, कानशीने घासून कसंबसं जुळवलेलं. तीन-चार वर्षांनी त्याने मामाची गिरणी सोडली आणि मँचेस्टरला जाऊन साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला.

1825 साली त्याने फ्रान्सेस अँकर्स या मुलीशी लग्न केलं. तिचे वडील मालवाहू होडीवर काम करणारे. मग दोघं लंडनला आली. त्या काळी यंत्रकामाची काशी म्हणजे लंडनमधला हेन्री मॉडस्ली यांचा कारखाना, आणि जोसेफला तिथेच काम मिळालं. मॉडस्लींच्या बाकावर एक अतिशय अचूक मायक्रोमीटर असायचा. कारखान्यातली माणसं त्याला गमतीने लॉर्ड चॅन्सेलर म्हणायची, म्हणजे देशातला सर्वोच्च न्यायाधीश. दोन माणसांत मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल त्या मायक्रोमीटरचा.

इथे जोसेफने जे केलं ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

अचूक यंत्र बनवायचं तर आधी एक खरोखर सपाट पृष्ठभाग हवा. तो कुठून आणायचा? तो सपाट आहे की नाही हे तपासायला दुसरी सपाट वस्तू हवी. ती तरी सपाट आहे कशावरून? तेव्हाची रीत अशी होती, की लोखंडाच्या दोन प्लेट घ्यायच्या, मध्ये एमरी पूड टाकायची आणि एकमेकींवर घासत राहायचं. शेवटी दोन्ही एकमेकींवर चपखल बसायच्या. पण चपखल बसणं म्हणजे सपाट असणं नव्हे. एकीला बारीकशी टेकडी आली आणि दुसरीला तेवढाच खळगा आला, तरी त्या चपखलच बसतात. दोन खोटे साक्षीदार एकमेकांची साक्ष जुळवून घेतात, तसला प्रकार.

यावर उतारा होता तिसरी प्लेट. समजा पहिलीला टेकडी आहे आणि दुसरीला खळगा आहे. आता तिसरी प्लेट पहिलीशी जुळवली, तर तिलाही खळगाच येणार. मग दुसरी आणि तिसरी एकमेकींवर ठेवायच्या. दोन खळगे समोरासमोर आले की त्या फक्त कडांना टेकणार. चोरी पकडली गेली! मग त्या दोघींना दुरुस्त करायचं, पुन्हा पहिलीकडे यायचं, आणि ही फेरी चालू ठेवायची. तिन्ही प्लेट कोणत्याही जोडीत जुळल्या की तिन्ही सपाट.

जोसेफने एमरीने घासणंही बंद केलं, कारण पूड कुठे जास्त झिजवते तर कुठे कमी. त्याऐवजी एका प्लेटला तेलात कालवलेल्या तांबड्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती दुसरीवर टेकवायची. जिथे रंग उमटेल ते उंचवटे. तेवढेच धारदार हत्याराने खरवडायचे. टूलरूममध्ये आजही असंच स्क्रॅपिंग करतात, तांबड्या रंगाच्या जागी बहुधा निळा रंग आला एवढंच. तीन प्लेटची कल्पना नक्की कुणाची यावर वाद आहेत आणि मॉडस्लींच्या कारखान्यात ती आधीपासून असणं सहज शक्य आहे. पण ती परिपूर्ण करून जगासमोर मांडली व्हिटवर्थ यांनी. कामाचे तास संपल्यावर घरी बसून त्याने हे प्रयोग केले. तयार झालेली प्लेट आधी दाखवली ती शेजारच्या बाकावरच्या जॉन हॅम्पसनला. हॅम्पसन हा त्या कारखान्यातला सर्वांत कसबी कामगार. काम जमलंय हे त्याने मान्य केलं, आणि जोसेफच्या लेखी तेच सर्टिफिकेट होतं.

मॉडस्लींकडून तो हॉल्ट्झापफेल यांच्याकडे आणि तिथून जोसेफ क्लेमंट यांच्या कारखान्यात गेला. त्या वेळी क्लेमंट एक विलक्षण काम करत होते. चार्ल्स बॅबेज यांचं डिफरन्स इंजिन, म्हणजे गणिताची कोष्टकं आपोआप काढणारं पितळ-पोलादाचं यंत्र, तिथे बनत होतं. आजच्या कॉम्प्युटरचे पूर्वज शोधत गेलं की हे यंत्र भेटतंच. म्हणजे पुढे जगातलं सर्वांत अचूक मोजयंत्र बनवणारा माणूस उमेदवारीच्या काळात आकडेमोडीच्या यंत्राशेजारी वावरत होता. मोजणारं यंत्र आणि गणित करणारं यंत्र एकत्र यायला मात्र पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ जावा लागला.

1833 मध्ये व्हिटवर्थ मँचेस्टरला परतले. पोर्ट स्ट्रीटवर वाफेच्या इंजिनाची सोय असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर आपण लंडनहून आलेले टूलमेकर आहोत हे आवर्जून लिहिलं. मार्केटिंग तेव्हाही लागायचं.

पुढच्या 20 वर्षांत त्यांच्या कारखान्यातून लेथ, प्लेनिंग मशिन, ड्रिलिंग मशिन, स्लॉटिंग मशिन अशी यंत्रं बाहेर पडत गेली आणि जगभर पसरली. मध्येच त्यांनी मँचेस्टरचे रस्ते झाडणारं घोड्याने ओढायचं यंत्रही काढलं. पण मुख्य काम होतं शिस्त आणण्याचं.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसायचा नाही. यंत्र बिघडलं की ज्याने बनवलं त्याच्याच दारात जा. व्हिटवर्थ यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले, सरासरी काढली आणि 1841 मध्ये सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेसमोर एक कोष्टक ठेवलं. पाव इंचाला 20 आटे, अर्ध्या इंचाला 12, एक इंचाला 8, आणि कोन सगळ्यांना 55 अंश. यात अलौकिक प्रतिभा वगैरे काही नाही. उलट सरासरी काढल्यामुळे कुणालाच फार बदल करावा लागला नाही, आणि म्हणूनच ते टिकलं. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि रेल्वेबरोबर ते आपल्याकडेही आलं. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात आजही दोन सुती, चार सुती बोल्ट मागितला जातो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती म्हणजे पाव इंच. आणि जुन्या डब्यातल्या त्या बोल्टला इंचाला 20 आटे असले, तर ते कुठून आले हे आता तुम्हाला माहीत आहे.

याचा खरा फायदा क्रिमियाच्या युद्धात दिसला. ब्रिटिश नौदलाला 90 गनबोटींसाठी 60 हॉर्सपॉवरची इंजिनं तातडीने हवी होती. जॉन पेन या कारखानदाराने आपल्याकडची नमुन्याची इंजिनं खोलली, त्यांचे सुटे भाग देशातल्या चांगल्या कारखान्यांना वाटले आणि प्रत्येकाला हुबेहूब तसे 90 नग करायला सांगितलं. वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले भाग एकत्र आले आणि जुळले. 90 इंजिनं 90 दिवसांत उभी राहिली. मापं आणि आटे सगळीकडे सारखे झाल्याशिवाय हे अशक्य होतं.

आता येऊ त्या मोजयंत्राकडे.

व्हिटवर्थ यांच्या काळातला कामगार माप कसं सांगायचा? फूटपट्टीवर बघायचा आणि म्हणायचा सोळावा भाग हलका, नाहीतर बत्तिसावा भाग भरून. आपल्याकडे सूतभर कमी किंवा केसभर जास्त म्हणतात, तसंच. व्हिटवर्थ यांना या बोलीची चीड होती. त्यांचं म्हणणं होतं की डोळ्याने रेघ बघून मोजण्यापेक्षा स्पर्शाने मोजा, आणि माप इंचाच्या दशांशात सांगा.

स्पर्श किती बारीक असतो हे दाखवायला ते एक प्रयोग करून दाखवत. पोलादाची एक रिंग, आतला व्यास 0.5770 इंच. तिच्यात बसणारे दोन दंडगोल, एक 0.5770 इंचाचा आणि दुसरा 0.5769 इंचाचा. फरक इंचाच्या दहा हजाराव्या भागाचा, डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण एक दंडगोल रिंगमध्ये घट्ट जातो आणि दुसरा ढिला वाटतो. कुठल्याही कामगाराने हातात घेऊन बघावं. कारखान्यातले प्लग गेज आणि रिंग गेज या प्रयोगाचेच भाऊबंद.

मोजयंत्र या सगळ्याच्या पुढचं. बांधणी ऐकायला सोपी आहे. मापायची वस्तू दोन सपाट, समांतर टोकांमध्ये धरायची. एक टोक पुढे सरकवणाऱ्या स्क्रूला इंचाला 20 आटे. त्या स्क्रूवर 200 दात्यांचं चाक. ते चाक फिरवणारा एक वर्म, आणि वर्मच्या हाताच्या चाकावर 250 खुणा. आता गुणाकार करा. 20 गुणिले 200 गुणिले 250. बरोबर दहा लाख. हाताचं चाक एक खूण फिरवलं की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने सरकणार. माणसाच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे अडीच-तीन हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे साधारण एवढं अंतर.

पण स्क्रू किती आवळला हे कसं ठरवायचं? एक जण जोराने दाबेल, दुसरा हळू. इथे त्यांनी माणसाचा हातच मधून काढून टाकला. वस्तू आणि टोक यांच्यामध्ये समांतर बाजूंची एक छोटी पोलादी पट्टी ठेवली. घट्ट असेल तर ती मध्येच अडकून राहते. चाक एक खूण मागे घेतलं की ती स्वतःच्या वजनाने खाली पडते. आवळणाऱ्याचा जोर किती, हा प्रश्नच संपला. निकाल गुरुत्वाकर्षण देणार.

या यंत्रावर ते आणखी एक गोष्ट दाखवायचे आणि मला ती सगळ्यांत आवडते. 36 इंच लांबीची पोलादी सळई यंत्रात लावायची, पट्टी खाली पडेल अशी बेताने जुळवायची. मग सळईला क्षणभर नुसतं बोट लावायचं. बोटाच्या उबेने सळई इतकी वाढते की पट्टी पडत नाही, अडकून बसते. म्हणजे मोजणाऱ्या माणसाच्या अंगची ऊबसुद्धा माप बिघडवते. आजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये एसी 20 अंश सेल्सियसवर का ठेवतात आणि जॉब आणल्याबरोबर मापू नको, आधी थंड होऊ दे, असं सीनिअर का ओरडतात, ते इथे समजतं.

1851 च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात व्हिटवर्थ यांच्या यंत्रांनी बक्षिसं आणि वाहवा दोन्ही मिळवली. दोन वर्षांनी ब्रिटिश सरकारने त्यांना न्यूयॉर्कच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी पाठवलं. तिथले कारखाने फिरून त्यांनी अहवाल लिहिला. अमेरिकेत कामगारांची टंचाई होती, तरी यंत्रांनी ती भरून काढली होती. पण त्यांच्या मनात त्याहून जास्त राहिलं ते हे, की तिथला साधा कामगार शिकलेला होता, आणि शिकलेला असल्यामुळे नव्या यंत्राला घाबरत नव्हता.

ही गोष्ट त्यांना टोचणारी होती. कारण इंग्लंडमध्ये हातांचं काम काढून घेण्यात त्यांचा स्वतःचा मोठा वाटा होता. लोखंडाचा एक चौरस फूट पृष्ठभाग छिन्नी आणि कानशीने सपाट करायला आधी 12 शिलिंग मजुरी पडायची. प्लेनिंग मशिनवर तेच काम एका पेनीच्या आत होऊ लागलं. 12 शिलिंग म्हणजे 144 पेनी. ज्या कारागिराचं अख्खं आयुष्य छिन्नी चालवण्यात गेलं होतं त्याचं काय, याचं उत्तर या हिशेबात नव्हतं. आणि आता कुशल कामगार म्हणायचं तरी कुणाला? छिन्नी चालवणाऱ्याला, मशिनचा दांडा ओढणाऱ्याला, की मशिन काय करतंय हे ज्याला कळतं त्याला?

उत्तराकडे वळायच्या आधी मधली काही वर्षं बंदुकीत गेली. सरकारने सैन्याच्या रायफली सुधारण्यासाठी त्यांना गाठलं. त्यांच्यासाठी मँचेस्टरला 500 यार्ड लांबीची बंदिस्त नेमबाजी गॅलरी बांधली गेली. तिथे प्रयोग करून त्यांनी षटकोनी नळीची, 0.451 इंच व्यासाची रायफल काढली. 1857 च्या चाचण्यांत तिने सैन्याच्या एनफिल्डला कितीतरी मागे टाकलं. 1860 मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर बसवलेल्या याच रायफलीचा चाप ओढून केलं. 400 यार्डांवरची गोळी निशाणाच्या मधोमध म्हणावी अशी लागली. तरीही सैन्याने ही रायफल घेतली नाही. नळी फार बारीक आहे, किंमत फार आहे, अशी कारणं निघाली. शेवटी ती गेली परदेशात. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडे ती होती, आणि 1864 मध्ये जनरल जॉन सेजविक यांचा बळी याच रायफलीच्या गोळीने घेतला असं मानलं जातं. व्हिटवर्थ मात्र सरकारी समित्यांशी भांडत राहिले. अचूकता हाच एकमेव निकष, असं समजणाऱ्या माणसाला किंमत, साफसफाई आणि चिखलातला शिपाई हे निकष पटवून देणं सोपं नव्हतं. इथे समित्यांचंही थोडं बरोबर असावं, असं वाटतं.

मार्च 1868 मध्ये व्हिटवर्थ यांनी पंतप्रधान डिझरेली यांना पत्र लिहिलं. वर्षाला 100 पौंडांच्या 30 शिष्यवृत्त्या, म्हणजे दरसाल 3000 पौंड, स्वतःच्या खिशातून द्यायची त्यांची तयारी होती. 100 पौंड म्हणजे कुशल फिटरच्या वर्षभराच्या मजुरीशी तुलना होईल इतकी रक्कम. वयाची अट 26 च्या आत. आणि दार ब्रिटन, हिंदुस्थान आणि वसाहती इथल्या सगळ्या प्रजाजनांना उघडं. कागदावर का होईना, मुंबई-पुण्याचा तरुण त्यात बसत होता.

पण पैशांपेक्षा परीक्षेचा साचा महत्त्वाचा होता. एका बाजूला गणित, यंत्रशास्त्र, भूमिती, ड्रॉइंग, पदार्थविज्ञान, रसायन आणि धातुशास्त्र. दुसऱ्या बाजूला हाताचं काम, म्हणजे लोहारकाम, लेथवरचं काम, कानस आणि फिटिंग, पॅटर्न बनवणं, साचेकाम. गणित येणाऱ्याला कानस धरता आली पाहिजे आणि कानस धरणाऱ्याला गणित. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॉलेजातला साहेब आणि कारखान्यातला मिस्त्री एका बाकावर बसत नव्हते. व्हिटवर्थ यांनी त्यांना एकाच गुणपत्रिकेत बसवलं.

पण यात एक अडचण होती.   अशा परीक्षेचा तोल सहज ढळतो. लेखी पेपरचे गुण देणं सोपं असतं, हाताच्या कामाचे गुण देणं कठीण. पुस्तकात हुशार असलेला पोरगा चार दिवस कार्यशाळेत हात साफ करून येतो आणि पुढे निघून जातो. म्हणून पुढच्या काळात नियम बदलत गेले, आणि यांत्रिक कारखान्यात काही वर्षं प्रत्यक्ष हाताने काम केलेलं असलंच पाहिजे अशी अट आली.

ज्याने आवळणाऱ्या हाताचा जोर मापातून काढून टाकला, त्यालाही माणसाच्या कसबाचं माप घेताना एका पट्टीवर भागेना. तिथे पडून निकाल देणारी पोलादी पट्टी नव्हती.

आजच्या कारखान्यात हा प्रश्न कुठे दिसतो ते बघा. सीएमएम नावाचं मशिन असतं, कोऑर्डिनेट मेजरिंग मशिन. ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर जॉब ठेवतात. वरून माणकाचं टोक असलेला प्रोब येतो, जॉबला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करतो आणि प्रत्येक स्पर्शाचे एक्स, वाय, झेड कॉम्प्युटरकडे पाठवतो. ग्रॅनाइटचं टेबल म्हणजे व्हिटवर्थ यांची सरफेस प्लेट, आणि स्पर्शाने मोजणं हा तर त्यांचा हट्टच. नवी गोष्ट आहे ती प्रोग्रॅम. प्रोब कुठे, किती वेळा टेकवायचा, कोणती बाजू आधार धरायची, हे लिहिणारा माणूस.

आता समजा जॉबमध्ये एक भोक आहे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्याच्या आत तीन जागी प्रोब टेकवला. तीन बिंदूंतून नेहमीच एक वर्तुळ जातं. त्यामुळे भोक वेडंवाकडं असलं तरी स्क्रीनवर अगदी गोल येणार, चूक शून्य! मशिन खोटं बोललं नाही, त्याला विचारलंच तेवढं. बिंदू वाढवले की भोकाचा खरा आकार दिसतो. दोन प्लेट जुळल्या म्हणजे सपाट झाल्या, असं समजणाऱ्याची फसगत आणि ही फसगत एकाच घराण्यातली.

म्हणूनच असं कौशल्य तपासताना प्रोग्रॅम चालला का, एवढं बघून भागत नाही. चांगला परीक्षक मुद्दाम त्रिकोणी झाक असलेलं भोक देतो, ड्रॉइंगवरचा आधार अवघड जागी ठेवतो, नुकताच मशिनवरून उतरलेला गरम जॉब हातात देतो. मग बघतो की उमेदवार आकडा वाचतो की आकड्यावर संशय घेतो. तोच जॉब वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा मोजून घेतात, गेज आर अँड आर म्हणतात ते हेच, आणि फरक मशिनचा किती आणि माणसाचा किती हे वेगळं काढतात. आयटीआयच्या फिटरला प्रॅक्टिकलला दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायला लावतात, तेव्हा गुण फक्त मापाला नसतात. तुकडे उलटे फिरवून बसवले तरी बसतात का, हेही बघतात.

व्हिटवर्थ यांना 1869 मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी फ्रान्सेस वारल्या. दोघं बरीच वर्षं वेगळी राहत होती. 1871 मध्ये त्यांनी मेरी लुईसा ऑरेल यांच्याशी लग्न केलं आणि डर्बीशायरच्या डार्ली डेलमध्ये स्टॅनक्लिफ हॉल या वाड्यात मुक्काम हलवला. तिथे त्यांचं बिलियर्ड टेबल लोखंडाचं होतं, का ते वेगळं सांगायला नको. 1874 मध्ये कंपनी मर्यादित भांडवलाची केली तेव्हा कामगारांनाही शेअर घेता येतील अशी सोय केली. वितळलेलं पोलाद प्रचंड दाबाखाली थिजवून पोकळी नसलेलं पोलाद बनवायची पद्धतही त्यांचीच. तोफा आणि जहाजांचे दांडे त्यातून बनत.

22 जानेवारी 1887 रोजी माँटे कार्लोमध्ये त्यांचं निधन झालं. मूलबाळ नव्हतं. संपत्तीतून मँचेस्टरमध्ये व्हिटवर्थ आर्ट गॅलरी आणि बाग उभी राहिली, कॉलेजांना आणि रुग्णालयाला पैसा गेला. 1897 मध्ये त्यांची कंपनी जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, आर्मस्ट्राँगच्या कंपनीत विलीन झाली. तोफांच्या कंत्राटांवरून दोघांचं आयुष्यभर जमलं नव्हतं, पाटीवर मात्र नावं शेजारी शेजारी आली.

त्यांचे आटे आणखी बरीच वर्षं चालले. दुसऱ्या महायुद्धात 55 अंशांचा ब्रिटिश नट 60 अंशांच्या अमेरिकन बोल्टवर बसेना, तेव्हा दोन्ही देशांना आणि कॅनडाला 1948 मध्ये एकत्र बसून नवं मानक ठरवावं लागलं. भारतात 1956 चा कायदा झाला आणि मेट्रिक आलं. पाइपांचे आटे तेवढे 55 अंशांवर राहिले.

शिष्यवृत्तीही चालू आहे. इंग्लंडमधली मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था आता ती चालवते. हेले-शॉ यांच्यासारखे नामवंत इंजिनिअर तिच्यातून पुढे आले, आणि त्यांनीच 1923 मध्ये शिष्यवृत्ती मिळवलेल्यांची व्हिटवर्थ सोसायटी स्थापन केली. आज ती अशा तरुणांसाठी आहे जे आधी कारखान्यात उमेदवारी करतात आणि मग इंजिनिअरिंगच्या पदवीकडे वळतात. आधी हात, मग पदवी, हा क्रम तिथे अजून बदललेला नाही.